आपोआप लॉक

मखमलाबादला समाधानच्या अंगणात रविवारी छोट्या गाडीवाल्यांचा अड्डा जमला. नव्या मॉडेलमध्ये एसी येणार की पाचवा गिअर, जो तो आपलंच घोडं पुढे दामटत होता.

"आणि वहिनी, गाडी सुरू झाली की चारही दारं आपोआप लॉक होणार म्हणे! ड्रायव्हरनं बटण दाबल्याशिवाय उघडायचीच नाहीत," धोंडीराम म्हणाला.

समाधानची बायको छायानं धड हातातला चहाचा कप खाली ठेवला. दुसरा हात प्लास्टरमध्ये होता. "अहो, आपली जुनीच राहू द्या ना."

"लक्ष्मी आहे रे लक्ष्मी! पैसे वाचवतेय तुझे," धोंडीराम समाधानला म्हणाला. सगळे खो-खो हसले.

मित्र गेल्यावर समाधाननं फाटकाला कडी घातली.



"नवीच बुक करतो. मी हात उचलला की चालत्या गाडीतून उडी टाकायची तुझी सवय तरी मोडेल."