शिकवणीची शिस्त

शिकवणी संपेपर्यंत "आई" म्हणायचं नाही, असा दंडकच हेमलताबाईंनी मैथिलीला घालून दिला होता. पोटच्या पोरीला झुकतं माप मिळतं, असं इतर मुलांना वाटायला नको.

नवऱ्याचं तेरावं उरकलं आणि दुसऱ्याच दिवशी बाई फळ्यापाशी उभ्या राहिल्या. मुलांच्या परीक्षा तोंडावर आलेल्या, रडत बसून कसं चालेल? नेहमीच्या सवयीनं त्यांनी वयाचं गणित घातलं. "दहा वर्षांनी वडिलांचं वय मुलीच्या वयाच्या दुप्पट होईल, तर..."

सगळ्यांच्या पेन्सिली चालू लागल्या. चटईच्या टोकाला बसलेल्या मैथिलीची वही मात्र कोरीच राहिली. शेवटी तिनं हात वर केला.

"काय अडलं गं?" फळा पुसता पुसता बाईंनी विचारलं.

"बाई, मी जरा आईकडे जाऊ?"