चढलेला पारा

कामठ्याहून गोंदियाला निघताना छोटेलालने बैलगाडीत घोंगडी अंथरली, ती फक्त नव्या बायकोसाठी, गीतासाठी. ते पाहून थोरल्या शामकलाचं डोकं आणखीच ठणकू लागलं. दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि यंत्रातला पारा चढत गेला. "रक्तदाब वाढलाय. कसली चिंता आहे?" "काही नाही जी." सोबतची गीताही फिकी दिसली, म्हणून डॉक्टरांनी तिचाही दाब मोजला. तो शामकलापेक्षा जास्त निघाला. शामकला जळफळली. आता आजारपणाचे लाडही हिचेच! "काऊन वं, तुले कायचं दुःख? मले पोर होत नाही म्हणून तर तुले आणलं." गीताने मान खाली घातली. "बाई, मलेही कुठं होऊन राहिलं? ते तिसरी पाहून राहिले." शामकलाने हळूच तिच्या दंडाचा पट्टा सोडला. डॉक्टरांना म्हणाली, "बाहेर आमचे मालक बसले जी. आता त्याईले तपासा."