तपासणीवाली बाई

"ह्या म्हाताऱ्याला मी बोर्लीत कदी बगलेला न्हाय," स्ट्रेचर आत सरकवताना कोंडाजी प्रज्योतच्या कानाशी पुटपुटला. "आनि ती बाय बग. डोल्यान पानी हाय का?"

कोंडाजी ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, प्रज्योत मागे पेशंटपाशी बसणारा. बोर्ली पंचतनच्या घराघरात त्याचं येणं-जाणं होतं. त्याने ओळखलं नाही म्हणजे माणूस बाहेरचाच.

नोंदणीचा कायदा आला आणि ॲम्ब्युलन्सवरच्या माणसांची झोप उडाली. आता पेशंटला हात लावायचा तर नाव रजिस्टरात हवं, आणि नाव लागायचं तर सर्टिफिकेट मान्यता असलेल्या संस्थेचं हवं. प्रज्योतने ज्या संस्थेत कोर्स केला, तिच्या जागी आता मोबाईलचं दुकान होतं. इतकी वर्षं गाडीवर काढून तो एका फटक्यात बेकायदेशीर ठरला होता.

गाडीचे मालक बाळाजीशेठ यांनी त्यावर सोपा तोडगा काढला. "दुसरा मानूस मिलंपरत तूच जा. ऑक्सिजन लाव, बाकी हात लावू नको. कोनी इचारलं तर सांग, झालंय रजिस्ट्रेशन." सांगायला त्यांचं काय जात होतं!

त्यात म्हसळ्याकडची बातमी आली. खरी-खोटी कुणी पाहिली नव्हती, पण गाडीवाल्यांत तिच्याशिवाय दुसरा विषय नव्हता. म्हणे, तपासणीवाले आता पेशंट होऊन झोपतात. नातेवाईक म्हणून सोबत त्यांचाच माणूस असतो. तुम्ही सुई टोचलीत की तो खिशातून ओळखपत्र काढतो, आणि मग थेट पोलीस. प्रज्योतच्या घरात कमावणारा तो एकटा. केस झाली तर पुढे कुठली गाडी त्याला उभं करणार होती?

गाडी दिघीच्या रस्त्याला लागली. गावच्या डॉक्टरने खाडीपलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायला सांगितलं होतं. म्हाताऱ्याचं नाव बुधाजी. छातीवर हात ठेवून तो कण्हत होता. बाई त्याला 'बाबा' म्हणत होती, पण रडारड नाही, देवाचा धावा नाही. तिची नजर ऑक्सिजनच्या काट्यावरून औषधांच्या पेटीवर आणि तिथून प्रज्योतच्या हातांवर फिरत होती.

"दादा, तुमचं रजिस्ट्रेशन झालंय ना?" तिने विचारलं.

"हो, झालंय की," प्रज्योत म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला परका वाटला.

बाईने मान डोलावली. मग बुधाजीच्या मनगटावर तिने बोटं टेकवली आणि घड्याळाकडे पाहिलं. साध्या नातेवाईकाला हे सुचत नाही.

"जिभेखालची गोळी नाही देत?"

हे तर उघडउघड आमिष होतं. गोळी पेटीत वरच होती. एरवी त्याने ती केव्हाच दिली असती.

"आत्ता गरज नाही, ताई. मी बघतोय ना."

"बरं," ती म्हणाली आणि तिने हात मांडीवर ठेवले.

दिघीच्या जेटीवर फेरीबोट तयारच होती. गाडी चढली, बोट आगरदांड्याकडे निघाली. आत उकडत होतं. बुधाजीचा सदरा ओलाचिंब झाला होता. या उकाड्यात घाम कुणालाही येईल, प्रज्योतने मनाची समजूत घातली. म्हाताऱ्याने "पोरी, डावा हात गेला गं" म्हटलं, तेव्हा तर त्याला वाटलं, काय तयारी करून घेतलीय याची! लक्षणं अगदी पुस्तकातली.

तरी त्याचं मन त्याला खात होतं. हा खरा असला तर? आणि खोटा असला तर? भीतीने त्याची मतीच चालेना. तो नुसता बसून राहिला. समोर बाईही बसून होती. तिची बोटं पुन्हा पुन्हा त्या मनगटाकडे जात होती आणि मागे येत होती.

पलीकडचा किनारा जवळ आला तेव्हा बुधाजीची मान एका अंगाला कलंडली.

नाटक, प्रज्योत स्वतःशी म्हणाला. मग त्याला ओठ दिसले. काळेनिळे. ओठांना नाटक करता येत नाही.

केस गेली खड्ड्यात! तो उठला आणि दोन्ही हातांनी छाती दाबू लागला. बाईने क्षणात पिशवीचा मास्क तोंडावर बसवला आणि त्याच्या लयीत हवा द्यायला लागली. त्याला एक शब्द सांगावा लागला नाही. तपासणीवालीच ही, त्याची खात्री पटली. पण आता त्याला थांबायचं नव्हतं. बोट टेकली, गाडी उतरली, रस्ता संपला, तरी त्याचे हात चालूच होते.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी बुधाजीचे डोळे मिटले. "उपचाराला उशीर झाला," ते म्हणाले. "आणि गोळीसुद्धा दिलेली नाही?"

बाहेरच्या बाकावर बाई बसली होती. प्रज्योत तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"मॅडम, चूक माझी आहे. माझ्याविरुद्ध काय ते लिहा. ड्रायव्हरला यात ओढू नका."

तिने मान वर केली. आता तिचे डोळे वाहत होते.

"मी कशाला लिहू, दादा? मीपण पनवेलला गाडीवरच होते. सर्टिफिकेट चालत नाही म्हणून मला घरी बसवलं, तशी बाबांना घेऊन इकडे राहायला आले. त्यांची नाडी सुटत चालली होती, ते मला कळत होतं. पण म्हटलं, समोर रजिस्टर्ड माणूस बसलाय, त्याला आपल्यापेक्षा जास्त कळत असणार."