फक्त तिसरं गाणं

पहिली दोन गाणी पडेल निघाली, याचं दिवाकरला समाधान वाटलं. दर रविवारी तो पेपरात नव्या, स्वतंत्र गायकांची ऐकण्यासारखी गाणी सुचवत असे, आणि हा अल्बम त्याच्या धाकट्या भावाचा होता. शशांकने गाण्यासाठी बँकेतली नोकरी सोडली तेव्हा, ‘तुझ्या गळ्यात सूर नाही,’ असं दिवाकरने त्याला भर पंगतीत सुनावलं होतं. तेव्हापासून दोघांत बोलणं बंद होतं.

तिसरं गाणं चालू असताना दूध उतू गेलं. दिवाकर शेगडीसमोरच उभा होता.

रविवारी छापून आलं : ‘या अल्बममधलं तिसरं गाणं चुकवू नका. बाकीची चुकली तरी चालतील.’

“भाऊ म्हणून कौतुक केलं, असं म्हणतील लोक,” बायको म्हणाली.

“भाऊ म्हणूनच बाकीच्यांबद्दल एवढ्यावर थांबलो.”

पोहे संपायच्या आत फोन वाजला.

“दादा, सगळ्या अल्बममधलं एकच गाणं?”

इतक्या वर्षांनी ‘दादा’ ऐकून दिवाकरने हातातला चमचा खाली ठेवला. तो पाणी प्यायला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, “बाकीच्यांत तू गाऊन दाखवतोस. तिसऱ्यात गातोस.”



“पाचव्यातही दाखवतोच?” शशांकने विचारलं.

“पाचव्यात सगळ्यात जास्त.”

“हे माझ्या तोंडावर सांगशील?”

“ये. सांगतो.”

फोन ठेवून दिवाकर स्वयंपाकघराच्या दाराशी गेला.

“चार पोळ्या जास्त लाट,” तो बायकोला म्हणाला. “शशांक भांडायला येतोय.”