शब्बाथ पाळणारी कुत्री

सोमवार ते शनिवार फार्करने माळावर लपवलेली प्रत्येक वस्तू डल्स शोधून आणत असे. रविवारी तिला काहीही सापडत नसे.

डल्स ही काळी रिट्रीव्हर कुत्री होती. फार्कर मॅकआस्किल हा रसायनशास्त्राचा निवृत्त शिक्षक होता, आणि हेब्रिडीज द्वीपसमूहातल्या त्या बेटावर देव न मानणारा बहुधा एकटाच. पुढच्या हंगामात ग्राउज पक्ष्यांच्या शिकारीला डल्सला न्यायचे म्हणून तो तिला शिकवीत होता. सकाळी त्याची बायको ऊना धुरी दिलेला हेरिंग मासा तव्यावर परतून देई. काटे बोटांनी निवडत तो सावकाश खाई. मग तो पक्ष्याऐवजी वापरायच्या कापडी डमीला ग्राउजचा पंख बांधून ती हेदरच्या झुडपांत दडवी आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने कुत्रीला सोडून हुकूम देई : "हरवलं!" त्या एका शब्दावर डल्स नाक खाली घालून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे जमीन विंचरून काढी. डमी अलगद तोंडात धरून आणी, समोर बसे आणि हातात देई. रोज संध्याकाळी फार्कर डमी उकळत्या पाण्यातून काढी आणि पंख बदली. कालच्या वासाने आजचा प्रयोग बिघडू नये, याबद्दल तो काटेकोर होता.

रविवार म्हणजे शब्बाथ, देवाने नेमलेला विश्रांतीचा वार; त्या दिवशी बेटावर कोणी काम करीत नसे. दोरीवर कपडे नसत, होड्या वाळूवर ओढलेल्या असत, जेवण शनिवारी शिजवलेलेच आणि थंड असे. फार्कर मात्र त्या दिवशीही माळावर जाई आणि हात हलवत परत येई. गावाला कारण ठाऊक होते. डल्स शब्बाथ पाळत होती.

"तुझ्या घरात आता दोघी देवभीरू झाल्या," चर्चचा ज्येष्ठ पंच टॉर्किल मॉरिसन म्हणाला. "राहिलास तू एकटा."

"कुत्र्याला वार कळत नाहीत, टॉर्किल."

"तुला तरी कुठे कळतात?"

फार्करने माळ बदलून पाहिला. वेळ बदलून पाहिली. चर्चच्या घंटेचा परिणाम असावा, या शंकेने एका रविवारी डल्सच्या कानांत कापूस घातला. तिला हुकूमही ऐकू आला नाही. ते निरीक्षण त्याने बाद ठरवले.

"येत्या रविवारी शेवटचं सोड तिला," ऊना म्हणाली. "तिनं डमी आणली, तर चर्चला चल म्हणून मी तुला जन्मात म्हणणार नाही. नाही आणली, तर दुपारी माझ्याशेजारी येऊन बसायचं. कोट घालून."

लग्न झाल्यापासून फार्कर त्या बाकावर एकदाही बसला नव्हता. बायकोपुढे हरण्याची त्याला सवय होती. एका कुत्रीच्या धर्मनिष्ठेपुढे हरणे त्याला सोसणारे नव्हते. तो कबूल झाला. साक्षीदार म्हणून त्याने टॉर्किलचे नाव सुचवले.

"रविवारी मी असले खेळ बघत नसतो," टॉर्किल म्हणाला. "माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा असेन, एवढंच. माळ आपण होऊन समोर येतो, त्याला मी काय करू?"

रविवारी सकाळी वारा उत्तम होता. डल्सने माळ विंचरला. ती डमीजवळून गेली, डमीवरून गेली, पंखावर पाय देऊन गेली. एकदा थांबून तिने नाक उंच केले आणि टॉर्किलच्या घराकडे बराच वेळ पाहिले. मग ती खाली बसली.

"तिलाही साक्षीदार लागला बघ," सोबत आलेली ऊना म्हणाली. "कोट खुंटीला आहे."

दुपारी फार्कर चर्चमध्ये बसला. डल्सला त्याने दाराबाहेरच्या देवडीत बसवले होते. दार नीट लागत नसे. पुढच्या बाकावर टॉर्किल होता; स्तोत्रांची पाने उलटता यावीत म्हणून त्याने एक हातमोजा काढून शेजारी ठेवला होता. पाद्र्यांनी कळपातल्या मेंढरांवर प्रवचन सुरू केले. फार्करकडे पाहत त्यांनी आवाज चढवला.

"रात्र झाली. मेंढपाळ मोजतो. एक मेंढरू कमी. कुठे आहे ते? हरवलं!"

दार करकरले. डल्स आत आली, नाक खाली घालून, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. एकही बाक तिने सोडला नाही. पुढच्या बाकाशी तिचे शेपूट ताठ झाले. तिने टॉर्किलचा हातमोजा अलगद उचलला, फार्करसमोर येऊन बसली आणि शिकवल्याप्रमाणे त्याच्या हातात दिला. आठवड्यात इतके निर्दोष काम तिने केले नव्हते.

फार्करने हातमोजा हुंगला. मग ऊनाला दिला. तिनेही हुंगला.

"लोण्यात परतलाय," ती हळूच म्हणाली.

टॉर्किलने स्तोत्रांच्या पुस्तकात तोंड घातले.

कारण साधे होते. सहा दिवस डमीला फार्करच्या बोटांचा वास लागे, आणि त्याच्या बोटांना न्याहारीचा. डमी उकळणाऱ्याने स्वतःचे हात कधी प्रयोगात धरले नव्हते. डल्सने ग्राउज कधीच शोधला नव्हता. ती हेरिंग शोधत होती. रविवारी ऊना काही रांधत नसे, म्हणून फार्करच्या हातांना हेरिंगचा वास नसे. आणि टॉर्किलने त्या सकाळी तवा चढवला होता.