एकेक बाहेर द्या

पहिली कोंबडी खुराड्याच्या बुटक्या दारातून पाठमोरी बाहेर आली. पंख आवळलेले, पाय बोटांच्या बेचक्यात धरलेले. सुनेने तिला काखेत घेतलं, चोचीच्या कडेतून ड्रॉपरने जंताचं औषध थेंब थेंब सोडलं आणि घशाखाली उतरेपर्यंत थांबली. मग तिला डालग्याखाली ठेवलं.

"हं, पुढची," ती म्हणाली.

पुढची आली.

दिवस मावळला होता. कोंबड्या दांडीवर चढल्या की त्यांना दिसेनासं होतं; औषधाची वेळ हीच. खुराड्यात दोन माणसं मावत नाहीत, म्हणून तिने घराकडे तोंड करून नवऱ्याला हाक मारली होती, "अहो, मागच्या दाराने आत शिरा आणि एकेक बाहेर द्या." "आलोच," असं उत्तर आलं, आणि जरा वेळाने आत खसफस झाली.

कोंबड्या सासूबाईंच्या. त्या गेल्या आणि कोंबड्यांनी घरादाराशी जणू अबोलाच धरला. कुणाच्या हाती लागेनात. तुरे फिके पडले, अंडी थांबली, छातीचं हाड वरूनच दिसायला लागलं. सकाळी नवरा म्हणाला होता, "औषध पाजता येत नसेल तर उद्या खाटकाला बोलावतो. डोळ्यांदेखत झिजून मरण्यापेक्षा ते बरं." तिने आजची संध्याकाळ मागून घेतली होती. सासूबाईंनी तिला खुराड्याजवळ कधी फिरकू दिलं नाही, हे खरं. पण बाळंतपणात रोज एक गरम अंडं सोलून तिच्या हातावर ठेवलं होतं, तेही त्यांनीच.

आज मात्र काम कसं सुतासारखं सरळ चाललं होतं.

"काय झालंय काय तुम्हाला? एरवी कोंबडी फडफडली की अंगणाबाहेर असता."

आतून जिभेने हलकेच चुचकारल्याचा आवाज तेवढा आला.

"आणि हात किती गार पडलेत. स्वेटर घालून यायचं ना."

मग बोडकी कोंबडी आली. शेपूट झडलेली, खाष्ट. सासूबाई सोडल्या तर कुणाच्या बापाला न भिणारी. नवऱ्याच्या मनगटावर तिच्या चोचीचा व्रण होता. आज ती डोळे मिटून, झोपाळलेल्या लेकरासारखी मान टाकून आली. औषध प्याली. हूं नाही की चूं नाही.

मागे पावलं वाजली. नवरा घरातून येत होता. खांद्यावर बाळ निजलेलं.

"आलोच म्हटलं खरं, पण हा खाली ठेवू देईना," तो कुजबुजला. "आत्ता कुठे डोळा लागलाय. घे ह्याला, मी शिरतो आत. एखादी तरी सापडते का बघू."

तिने डालग्याकडे पाहिलं. आत कोंबड्या दाटीवाटीने, निवांत बसल्या होत्या. मग तिने खुराड्याच्या दाराकडे पाहिलं. आतला काळोख वाट बघत थांबला होता.

तिने ड्रॉपर पुन्हा भरून बाजूला ठेवला.

"तुम्ही बाळाला घेऊन घरात जा," ती म्हणाली. "वारा सुटलाय."

त्याची पावलं लांब जाईपर्यंत ती थांबली. मग दाराशी गुडघे टेकून बसली आणि दोन्ही हात आत पुढे केले.

"द्या आई," ती म्हणाली, "पुढची द्या."