लेकीची चावी

"अगदी हुबेहूब झाली पाहिजे हं, काका," तरुण म्हणाला.

चावीवाल्याने नुसती मान हलवली. कोरी चावी पकडीत आवळून त्याने कानस उचलली. समोर फळीवर त्या तरुणाचा मोबाइल टेकवून ठेवला होता आणि पडद्यावर एका चावीचा फोटो होता, ताणून ताणून मोठा केलेला. मावशी परगावी गेली, तिची चावी हरवली, घर उघडायचंय, एवढीच काय ती कथा.

खरं तर मूळ चावी किंवा कुलूप हातात आल्याशिवाय कानस लावायची नाही, हा चावीवाल्याचा नेम. पण तरुण गोड बोलणारा निघाला. "दोन दुकानांत विचारलं, काका. म्हणाले, फोटोवरून चावी करायची तर कोपऱ्यावरच्या काकांनीच." झालं. चावीवाला हरभऱ्याच्या झाडावर चढला आणि नेम खाली फळीवरच राहिला.

एकेक दात उतरू लागला. पहिला उथळ, दुसरा त्याहून जरासा खोल. मग दोन चांगले खोल दात, अगदी शेजारी शेजारी. चावीवाल्याला कौतुक वाटलं. कारखान्यातून अशी चावी येत नाही. कुणीतरी कुलूप खोलून आतल्या खिट्ट्या हाताने बदलल्या होत्या. कारागीर पक्का दिसतोय, तो मनाशी म्हणाला. असलं काम करणारे इथे आपण एकटेच, असा त्याचा इतकी वर्षं समज होता, त्यामुळे थोडा हेवाही वाटला.

शेवटचा दात पडद्याच्या कडेला गेला होता. तो दिसावा म्हणून त्याने बोटाने फोटो सरकवला. चावीच्या मागून एक तळहात पुढे आला. कोवळा, पोरसवदा. अंगठ्याच्या बुडाशी टाक्यांची वेडीवाकडी खूण होती. लेक सायकलवरून पडली तेव्हाची. टाके घालताना तो हात त्यानेच धरून ठेवला होता, आणि पोरीपेक्षा जास्त तोच रडला होता.

कानस खाली पडली. ज्याचा हेवा वाटला तो कारागीर तो स्वतःच होता. चावी त्याच्याच दाराची होती. आणि त्या दाराआड या वेळी त्याची पोर एकटी होती, कारण बायको कामावर आणि तो इथे, येईल त्याला चावी करून देत बसलेला.

"कुणाचं घर आहे हे?" त्याने विचारलं.

"सांगितलं ना, मावशीचं." तरुणाने त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि मोबाइल उचलला. "राहू द्या काका, नंतर येतो."

चावीवाल्याने फळीवरून झेप घालून त्याची बाही पकडली. बाही टरकन फाटली, हातात चिंधी आली, आणि तरुण मोटारसायकलवर बसून गल्लीच्या तोंडाशी दिसेनासा झाला. शेजारचा घड्याळवाला गडबड ऐकून बाहेर आला होता. त्याने गाडीचा नंबर पाहिला होता. तो पोलिसांना फोन लावू लागला. चावीवाल्याने घरी लावला.

"चिमे, दाराला आतून कडी घाल."

"घातलेलीच आहे, बाबा. मी रोज घालते. काय झालं?"

त्याच्या जिवात जीव आला. आणि जीव आला तसा त्याच्यामागून रागही आला, कारण घाबरलेल्या बापाला दुसरं काही सुचत नाही.

"काय झालं विचारतेस? सांगून सांगून जिभेला फोड आले माझ्या. मोबाइलवर वाट्टेल ते टाकू नकोस, जग चांगलं नाही. तरी घरच्या चावीचा फोटो टाकलास. आत्ता एक माणूस तो घेऊन आला होता. माझ्याच हातून आपल्याच घराची चावी करून घेत होता."

पलीकडून ती हळू आवाजात म्हणाली, "माझ्या खात्यावर चावीचा फोटो नाहीये, बाबा. माझं खातं फक्त मैत्रिणींना दिसतं."

"खोटं बोलू नकोस. तुझा हात मी ओळखत नाही का?"

"हात माझाच आहे. फोटो तुमचा आहे. वाढदिवसाला तुम्ही मला चावी दिलीत, तेव्हा तुम्हीच काढलात आणि तुमच्या खात्यावर टाकलात. सगळ्यांना दिसेल असा. मी काढून टाका म्हटलं, तर म्हणालात, बापाला लेकीचं कौतुक करायलाही परवानगी लागते का?"

चावीवाला स्टुलावर बसला. आठवत होतं. सगळं आठवत होतं, फक्त त्यात काही वावगं आहे हे तेव्हा त्याच्या मनाला शिवलं नव्हतं.

"थांबा, तो फोटो उघडलाय मी," ती म्हणाली. ती रागावलेली नव्हती. तिचा आवाज कापत होता. "तुम्ही वर लिहिलंय, ‘आमची चिमी चौदा वर्षांची झाली. आता शाळेतून आली की स्वतःच्या चावीने दार उघडणार आणि आम्ही येईपर्यंत घरी एकटी राहणार. भीती म्हणून कशाची नाही हो पोरीला.’"

"काढून टाकतो, आत्ताच काढून टाकतो," तो म्हणाला.

"त्याच्याखाली एकाने विचारलंय, ‘किती गोड, काका. तुम्ही राहता कुठे?’" तिने पुढचं वाचलं. "बाबा, तुम्ही त्याला मजल्यासकट पत्ता दिलाय."